न विचारणाऱ्या वाचकासाठी लिहिताना

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे एक चमत्कारिक काम चालून आले. माझा एक मामेभाऊ नागपूरला संगणकाच्या क्षेत्रात नोकरी करतो. फावल्या वेळात त्याने धानाच्या हिशेबाचे एक छोटेसे सॉफ्टवेअर तयार केले होते. एकरांचे हेक्टर करणे, कट्ट्यांवरून क्विंटल काढणे, हमीभावाने रक्कम सांगणे आणि ती नोंद जपून ठेवणे, एवढीच त्याची कामे. "याचे माहितीपत्रक तू लिहून दे," तो म्हणाला, "तू मराठी वाङ्मय घेतले आहेस, लिहिणे तुझे काम." वाचणारा कोण, किती शिकलेला, असे मी विचारले. तेव्हा तो हसून म्हणाला, "माणूस वाचणारच नाही. एआय एजंट वाचणार आहे."

आजवर निबंध लिहिले, रसग्रहणे लिहिली, गावातल्या निम्म्या घरांचे अर्जही लिहिले. परंतु असा वाचक कधी वाट्याला आला नव्हता. त्या दोन महिन्यांत ज्या चुका झाल्या नि त्यांतून जे उमगले, ते आपल्या वार्षिकांकाच्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. तेव्हा संगणकाच्या अंतरंगात फार खोल शिरण्याचा माझा अधिकार नाही. लिहिण्यापुरते मात्र बोलता येईल.

प्रथम एजंट म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आमच्या गावात एजंट म्हटले की विम्याचा हप्ता गोळा करणारे गृहस्थ डोळ्यांपुढे येतात. ती कल्पना अगदीच चुकीची नाही, कारण दुसऱ्याच्या वतीने जो काम करतो तो एजंट. मोबाईलवर प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आता आपल्या परिचयाची झाली आहे. २०२५ साली राज्याच्या कृषी विभागाने 'महाविस्तार' हे ॲप आणले, त्यात तर शेतीविषयक प्रश्न मराठीत विचारता येतात. परंतु उत्तर देणे निराळे आणि काम करणे निराळे. हिशेब करावयाचा, नोंदवहीत लिहावयाचे, जुनी नोंद शोधून काढावयाची, तर बोलणाऱ्या बुद्धीला हात हवेत. हे हात म्हणजे टूल, साधने. ज्या बुद्धीला अशी साधने दिली आहेत आणि कोणते केव्हा वापरावयाचे हे जी स्वतःच ठरविते, तिला एजंट म्हणतात.

आता खरी गंमत पुढे आहे. हा एजंट साधन उघडून आत काय आहे ते सहसा पाहत नाही. त्याच्यापुढे साधनांची एक यादी ठेवलेली असते: साधनाचे नाव, ते कशासाठी आहे याचे चार ओळींचे वर्णन, आणि त्याला कोणकोणती माहिती पुरवावी लागते. एवढ्या शब्दांवरून तो ठरवितो की समोरच्या माणसाच्या प्रश्नाला हे साधन लागू पडते किंवा नाही, आणि पडत असल्यास त्यात कोणते आकडे घालावयाचे. अशी साधने बुद्धीला जोडण्याची एक सामाईक पद्धत अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. तिला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल असे लांबलचक नाव आहे. जोडणीचे काम त्यामुळे सोपे झाले. वर्णनाची ती चार वाक्ये मात्र कोणीतरी लिहावीच लागतात, आणि ती चुकली तर उत्तम साधनही हातात वाकडे धरले जाते.

मी पहिला मसुदा लिहिला तो तीन पानांचा होता आणि मला तो फार आवडला होता. भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा, मालगुजारी तलावांच्या पाण्यावर येथील धान पिकतो, अशी सुरुवात होती. पुढे "सदर सॉफ्टवेअर शेतकरी बांधवांना अत्यंत उपयुक्त असून वापरावयास सुलभ आहे" असे एक वाक्य होते. जमिनीविषयी मी लिहिले होते: "क्षेत्रफळ लिहावे म्हणजे हेक्टरमध्ये रूपांतर मिळेल." बस्स, एवढेच. मामेभावाने ते एजंटाला जोडून दिले आणि मोबाईल बाबांच्या हातात ठेवला.

बाबांनी आपल्या बोलीत सांगितले, "एक एकर वीस हाये आमची बांधी." एजंटाने अतिशय नम्रपणे आणि शुद्ध मराठीत उत्तर दिले की आपले क्षेत्र सुमारे ०.४९ हेक्टर होते.

आमच्याकडच्या कोणत्याही पोराला यातील चूक सांगता येईल. एक एकर वीस म्हणजे एक एकर आणि वीस गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून ते दीड एकर झाले, म्हणजे सुमारे ०.६१ हेक्टर. एजंटाने ते १.२० असे दशांश चिन्हाने वाचले आणि त्याचा हिशेब केला. गणित बिनचूक होते. वाचन चुकले होते. २०२४-२५ च्या हंगामासाठी राज्य शासनाने धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, प्रोत्साहन म्हणून जाहीर केले होते. त्या दराने धरले तर एवढ्या एका चुकीने आमच्या हिशेबात जवळजवळ २,४०० रुपयांची तूट आली असती. आमच्या घरी ही रक्कम लहान नाही.

पण मला त्या रकमेपेक्षा बाबांच्या उत्तराने अधिक अस्वस्थ केले. आपली जमीन किती हे ज्यांनी आयुष्यभर पायांनी मोजले, ते म्हणाले, "कंप्युटर सांगते म्हन्जे बरोबरच असन ना." बाबा चौथीपर्यंत शिकलेले आहेत. कोणी शुद्ध मराठीत बोलू लागले की ते आपला मुद्दा सोडून देतात. तलाठी असो, बँकेचा बाबू असो की मोबाईल असो.

दुसरा घोळ सात-बाराने केला. सात-बारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे तीन खान्यांत असते आणि मध्ये टिंबे देऊन लिहितात. १.०५.०० म्हणजे एक हेक्टर पाच आर. शेजारच्या काकांचा उतारा वाचताना एजंटाला दोन टिंबांचा आकडा साधनात घालता येईना. साधन म्हणाले, "चुकीची संख्या." एवढेच म्हणाले, चूक कोणती आणि आता करावे काय, ते काही बोलले नाही. मग एजंटाने आपल्या मनाने तोड काढली आणि १.५ असे घातले. साधनाने ते मुकाट्याने घेतले. पंचेचाळीस आर जमीन, म्हणजे एकराहूनही अधिक, काकांच्या नावावर एका क्षणात चढली. काका खूश झाले ते सोडा.

तेव्हा माझ्या लक्षात आले की मी जे लिहिले ते ज्याला आधीच ठाऊक आहे त्याच्यासाठी लिहिले होते. आणि याचा अनुभव मला, वाचकहो, पलीकडच्या बाजूने आलेला आहे.

बारावीनंतर एका प्रवेशाच्या कामी मी एका कार्यालयात गेले होते. बाहेर फलकावर सूचना होती: "अर्जासोबत सर्व कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती जोडणे." आमच्या घरात दहावीच्या पलीकडे गेलेली मी पहिलीच. साक्षांकित म्हणजे काय हे विचारावयास घरी कोणी नव्हते. मी शब्द फोडून पाहिला. साक्ष अधिक अंकित. म्हणजे साक्षीदारांनी सही केलेली प्रत, हे उघड आहे! म्हणून दुसऱ्या दिवशी मी माझे मोठे काका आणि शेजारचे एक आजोबा असे दोन साक्षीदार एसटीत बसवून तालुक्याला नेले. दोघांनीही धुतलेली टोपी घातली होती. खिडकीतल्या माणसाने आमच्याकडे पाहिले, सर्व हकीकत ऐकली आणि बाजूच्या माणसाला बोलावून पुन्हा ऐकविली. तिघांचे जाण्यायेण्याचे भाडे आणि दोन माणसांची एका दिवसाची मजुरी, इतकी त्या एका शब्दाची किंमत आम्ही दिली. फलकावर "मूळ प्रतीशी ताडून अधिकाऱ्याने सही-शिक्का केलेली झेरॉक्स" असे लिहिले असते तर फार तर एक ओळ वाढली असती.

एजंट आणि मी यांत हे साम्य आहे की दोघेही घरून काही शिकून आलेलो नाही. जे कागदावर आहे तेवढेच आमचे. त्याने पुष्कळ वाचले आहे, माझ्याहून कितीतरी अधिक. परंतु आमच्या गावात "एक वीस" कशाला म्हणतात ते त्याच्यापुढे कोणी लिहून ठेवले नव्हते. फरक इतकाच की मला लाज वाटते. न कळले तर मी दाराशी उभी राहते, परत जाते, दुसऱ्या दिवशी येते. एजंट दाराशी थांबत नाही. लिहून ठेवले नसेल तर तो बहुतेक वेळा सर्वांत संभवनीय वाटेल तो अर्थ घेऊन पुढे चालू लागतो, आणि त्याच्या भाषेवरून त्याने अंदाज केला की त्याला खरोखरच ठाऊक होते, हे बाबांसारख्या माणसाला ओळखता येत नाही. माझ्या अज्ञानाचे भाडे मी भरले. त्याच्या अज्ञानाचे भाडे दुसराच कोणी भरतो.

दुसऱ्या वेळी मी प्रस्तावना, तलाव आणि सर्व विशेषणे काढून टाकली. (वाङ्मयाच्या विद्यार्थिनीला हे किती जड गेले असेल याची कल्पना करावी.) "उपयुक्त" आणि "सुलभ" या शब्दांनी एजंटाला काहीही कळत नाही. त्याला कळावयास हवे ते असे: हे साधन जमिनीच्या मापाचे रूपांतर करते, मालकी, हद्द किंवा वारस यांविषयी प्रश्न असल्यास हे वापरू नये. कशासाठी वापरू नये हे लिहिण्याची आपल्याला सवयच नाही. पण हे वाक्य घालण्यापूर्वी एकाने भावाभावांच्या वाटणीविषयी विचारले होते, आणि एजंटाने क्षेत्राला दोनाने भागून उत्तर दिले होते!

मापाविषयी मी लिहिले: "शेतकरी 'एक वीस' किंवा '१.२०' म्हणाला तर ते एकर-गुंठे समजावे. गुंठे ० ते ३९ असतात. सात-बाऱ्यावरील १.०५.०० म्हणजे १ हेक्टर ५ आर ० चौरस मीटर. हे तिन्ही आकडे वेगवेगळ्या खान्यांत घालावेत, एकत्र करू नयेत. बोलणारा एकरांत सांगतो आहे की सात-बारा वाचतो आहे हे स्पष्ट नसेल तर आधी विचारावे." आणि खाली एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखविले. उदाहरणाचा उपयोग नियमाहून अधिक होतो असे मला दिसून आले. आपण तरी अंकगणित पुस्तकातील सोडविलेल्या उदाहरणांवरूनच शिकलो ना?

येथे एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. भास्कराचार्यांची 'लीलावती' बाराव्या शतकातली. त्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्या महाराष्ट्रातच, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. लीलावतीत गणिताला हात घालण्याआधी परिभाषा येते: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, त्यानंतर सोन्याची, लांबीची, धान्याची मापे. ग्रंथालयात हे भाषांतरातून वाचले तेव्हा मला वाटले होते की हा सगळा रूक्ष भाग आहे, गोष्टीसारखी सुंदर गणिते पुढे आहेत. आता वाटते की त्यांना आपला वाचक कोणत्या गावचा आहे हे ठाऊक नव्हते आणि ठाऊक नाही हेही ठाऊक होते.

चुकीच्या संदेशांचे काम मामेभावाकडे होते. ते वाक्यही माहितीपत्रकाचाच भाग आहे, असे मी त्याच्याशी भांडून मान्य करविले. "चुकीची संख्या" याऐवजी आता साधन म्हणते: "दोन टिंबे आढळली. हा सात-बाऱ्यावरील आकडा असावा. हेक्टर, आर, चौरस मीटर वेगवेगळे द्यावेत." त्यानंतर एजंटाने १.५ सारखी तोड पुन्हा काढली नाही. त्याला अडल्या ठिकाणी वाट दाखविली की तो मुकाट त्या वाटेने जातो. देवनागरी अंक चालतात की इंग्रजीच हवेत हेही असेच लिहावे लागले, कारण पहिल्या आवृत्तीत साधनाला १२३ हे आकडे ओळखताच येत नव्हते.

हमीभावाची गोष्ट थोडी वेगळी. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्राने साधारण प्रतीच्या धानाला क्विंटलला २,३६९ आणि 'अ' प्रतीच्या धानाला २,३८९ रुपये ठरविले. मी प्रथम नुसते "हमीभाव २,३६९" असे लिहिले होते. आपण वर्तमानपत्र वाचतो, म्हणून हा आकडा कोणत्या सालचा ते आपल्याला कळते. कागदाला साल कळत नाही. वर्ष आणि प्रत लिहिली, आणि "पुढील हंगामासाठी हा भाव वापरू नये, नवा भाव विचारून घ्यावा" असे जोडले.

सर्वांत जास्त काळजी मी एका बटणाची घेतली. साधनात जुनी नोंद पुसण्याची सोय आहे, आणि पुसलेली परत येत नाही. "मागच्या सालचं काढून दाखव" असे एकाने म्हटल्यावर एजंटाने "काढून" चा अर्थ काय घेतला असेल ते सुज्ञांस सांगणे नलगे. सुदैवाने ती नोंद आमची चाचणीची होती. म्हणून त्या साधनाच्या वर्णनाची पहिलीच ओळ आता अशी आहे: "हे नोंद कायमची नष्ट करते. कोणती नोंद ते वाचून दाखवून माणसाचा स्पष्ट होकार घेतल्याशिवाय वापरू नये. 'काढ' म्हणजे 'दाखव' असाही अर्थ असतो." मामेभाऊ म्हणाला की केवळ लिहिण्यावर विसंबू नये, आणि त्याने सॉफ्टवेअरमध्येही कुलूप घातले. ते त्याचे बरोबरच होते. लिहिलेले प्रत्येक वेळी पाळले जाईलच याची खात्री माणसांच्या बाबतीतही नसते.

एवढे झाल्यावर मला लिहिण्याचा चेव चढला. पऱ्हे, रोवणी, धुरे, बोडी, सगळ्या शब्दांचे अर्थ घातले. अकरा पाने झाली. आणि एजंट पुन्हा चुकू लागला. दुसऱ्या पानावर मी "एकक न सांगितल्यास एकर समजावा" असे लिहिले होते आणि नवव्या पानावर "न सांगितल्यास विचारावे". एजंट कधी हे पाळी, कधी ते. शिवाय जेवढे पुढे ठेवाल तेवढे सगळे त्याला एकाच वेळी डोक्यात वागवावे लागते, आणि गर्दीत महत्त्वाची ओळ हरवते. रोवणीचा हिशेबाशी संबंधच नव्हता. मला झाडीबोलीचे शब्द कोठेतरी छापून यावेत असे वाटत होते, एवढेच. ते शब्द मी माझ्या वहीत ठेवले. पत्रक दोन पानांचे झाले.

कोणते वाक्य ठेवावयाचे आणि कोणते काढावयाचे हे ठरविण्याची एकच रीत मला उपयोगी पडली. दरवेळी नवे संभाषण सुरू करावयाचे, म्हणजे एजंटाला आधीचे काही आठवत नाही. त्याला तेच वीस प्रश्न विचारावयाचे, आणि कोठे घसरतो ते पाहावयाचे. प्रश्न मी स्वतः रचले नाहीत. मी रचले असते तर ते पुस्तकी झाले असते. बाबा, काका, आमच्याकडे रोवणीला येणाऱ्या बाया यांना जे सुचेल ते विचारावयास सांगितले आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले. तो कोरा कागद घेऊन पडवीत बसले असता एक बाई म्हणाल्या, "लिहून घेऊन रायली म्हन्जे कायचा तरी फारम असन." फॉर्म नाही हे त्यांना शेवटपर्यंत पटले नाही.

विसांपैकी एकोणीस प्रश्न आता ठीक सुटतात. कट्ट्याचे वजन आमच्या घरी चाळीस किलो धरतात, तेवढे मी लिहून टाकले आणि "दुसऱ्या घरी वेगळे असल्यास त्यांचे ते घ्यावे" असे जोडले. अडून राहिला तो आजोबांच्या तोंडचा शब्द, खंडी. खंडी ठिकाणपरत्वे निराळी. पत्रकात कोणता आकडा घालावयाचा यावर मी आणि मामेभाऊ दोन दिवस वाद घालीत होतो. शेवटी मी आकडा घातलाच नाही. लिहिले: "खंडी आल्यास हिशेब करू नये. बोलणाऱ्याच्या घरी खंडी किती किलोची धरतात ते विचारावे."

संध्याकाळी बाबांनी मोबाईल हातात घेतला आणि मुद्दाम परीक्षा पाहिल्यासारखे विचारले, "चार खंडी धानाचे किती होतीन?" एजंट म्हणाला, "आपल्याकडे एक खंडी किती किलोची धरतात ते कृपया सांगावे." बाबा क्षणभर मोबाईलकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हा तं मलेच पुसते." पायलीपासून सुरुवात करून त्यांनी बोटांवर मोजावयास घेतले, मध्येच थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजले. आजोबा असते तर पटकन सांगितले असते, असे काहीसे पुटपुटले, आणि मोबाईल माझ्या हातात देऊन, चपला घालून शेजारच्या म्हाताऱ्या काकांना विचारावयास गेले.